मामांनी न पाहिलेला चेहरा

आमच्या घरात मामांच्या आधी त्यांचं खाकरणं येतं. मामा म्हणजे माझे सासरे. फाटकाशी आले की एकदा खाकरतात, ओसरीच्या पायरीशी दुसऱ्यांदा, आणि मग जरा थांबतात. हातातलं पातेलं खाली ठेवून पदर ओढून घ्यायला बाईला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. घसा त्यांचा ठणठणीत आहे. ही सवय त्यांनी माझ्यासाठी लावून घेतली. तेरा वर्षांत ते एकदाही न खाकरता घरात आलेले नाहीत.

मी इकडची नाही. माझं माहेर भंडाऱ्याकडे, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखात. रेल्वे बदलत परळीला यायचं, तिथून एसटीनं धारूर, आणि धारूरहून डोंगराच्या कडेचं आमचं गाव. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायची, मीही तिच्यासोबत जाऊ लागले. पुढे ओळखीतल्या एकानं हे स्थळ आणलं. इकडं लग्नाला मुली मिळत नाहीत, माणसं चांगली आहेत, असं तो म्हणाला. माणसं खरंच चांगली निघाली. सगळ्यांच्या नशिबात तसं नसतं, म्हणून मी हे आधीच लिहून टाकते.

पण गावात माझं नाव ‘बाहेरून आणलेली’ असंच पडलं. पहिल्याच आठवड्यात नळावर दोघीजणी बोलताना ऐकलं की, काहीतरी खोट असल्याबिगर आईबाप एवढ्या लांब पोरगी देत नसतात. मी हंडा अर्धाच भरून घरी आले. त्या दिवसापासून आपल्या हातून काही चुकू नये, ही धास्ती मनात बसली. कडी लावली तरी दोनदा ओढून बघायची. मीठ टाकलं तरी आठवत राहायचं, टाकलं का नाही.

पदराचंही तसंच झालं. आमच्याकडे मोठ्यांसमोर डोक्यावर पदर घेतात, तेवढंच. इथं आमच्या भावकीत सासऱ्यासमोर तो गालापर्यंत ओढतात आणि तोंड जरा बाजूला करतात. मी तो हनुवटीपर्यंत ओढू लागले. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तेव्हा होत्या. त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, “अगं, एवढा कावून वढतीस? वाट दिसायची न्हाई आन पाय घालशील चुलीत.” मी हसले, पण पदर काही वर गेला नाही. आत्याबाई पाच वर्षांनी गेल्या. त्यानंतर तर मला पदर कमी कर म्हणणारं कोणी उरलंच नाही.

उजव्या कानाखाली गाठ आली ती त्यांच्या माघारी. आधी चिंचोक्याएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. दुखत नव्हती. माझे मालक ट्रकवर असतात, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. आले की बघू, असं करत मी ढकलत राहिले. मामांना दिसायचा प्रश्नच नव्हता. त्यांना सांगितलं माझ्या लेकीनं. आजोबाच्या मांडीवर बसून म्हणाली, आईच्या कानाखाली लिंबू हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला दवाखान्यात नेलं.

गाव सांगत नाही. खासगी दवाखाना होता, मोठा, काचेच्या दाराचा. सर्जननं गाठ दोन बोटांनी दाबली आणि साधी आहे म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. सुई टाकून तपासणी नाही, दुसरा कसला फोटो नाही. मी दोन कागदांवर सही केली. वरचा भाग कोराच होता. कोरा आहे हे मला दिसत होतं. पण डॉक्टरांना कसं विचारायचं, आणि विचारलं तर रागावले तर काय, म्हणून गप्प बसले.

शुद्धीवर आले तेव्हा अर्धं तोंड माझं नव्हतं. उजवा डोळा मिटेना, ओठ डावीकडं ओढलेले, पाणी प्यायला गेलं की उजव्या कोपऱ्यातून गळायचं. सर्जन म्हणाला, भूल उतरायची आहे. मग म्हणाला, सूज आहे. मग म्हणाला, सहा महिने थांबा, आपोआप होईल. माझ्याशी कोणी सावकाश बोललं की मला ते खरं वाटतं. मी सहा महिने थांबले.

त्यानंतर सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या एक मॅडम होत्या, त्यांनी डोळे मिटायला सांगितले, गाल फुगवायला सांगितला. मग म्हणाल्या, चेहरा हलवणारी शीर कापली गेली आहे. पहिल्या काही दिवसांत आला असतात तर ती जोडायचा प्रयत्न करता आला असता. हे त्यांनी नुसतं तोंडी सांगितलं नाही, कागदावर लिहून खाली सही केली. दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध कोण लिहून देतं? त्या मॅडमचं नाव मी रोज दिवा लावताना घेते. इथं लिहीत नाही, त्यांना त्रास नको.

मी तक्रार केली नसती. खरं सांगते. डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना वरून रुमाल बांधायचा, घोट डाव्या बाजूनं घ्यायचा, हे जमून गेलं होतं. गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते. पोरं पहिल्यांदा बघत राहिली, मग एक पोरगी म्हणाली, मावशीचा एक डोळा झोपतो आणि एक खिचडी राखतो. सगळी हसली, मीही हसले, आणि तो विषय शाळेपुरता संपला.

तक्रार करायची ठरवली मामांनी. ते एकटेच त्या सर्जनला विचारायला गेलते. परत आले, खाकरले, ओसरीवर माझ्याकडं पाठ करून बसले. मामा माझ्याशी असेच बोलतात, अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाकडं तोंड करून. मी उंबऱ्याच्या आत होते. ते म्हणाले, “डाक्टर म्हनतो, बाई आधीपासूनच वाकड्या तोंडाची आसंल, आनताना नीट बघून आनायची.”

नळावरचं ते बोलणं इतक्या वर्षांनी डॉक्टरच्या कोटाच्या खिशातून बाहेर आलं होतं.

मामा म्हणाले, “तुज्या आईला खोटं पाडलं त्यानं. हे न्हाई ऐकून घ्यायचं.”

म्हणून मग बीडला, ग्राहक आयोगात. भरपाई किती मागितली ते वकिलांनी ठरवलं, आम्हाला आकडा फार उशिरा कळला. आम्हाला एकच लिहून हवं होतं की तोंड आधी सरळ होतं आणि या माणसाच्या हातून बिघडलं.

तिथं आम्ही जी चूक केली, ती आमच्यासारख्याच माणसांनी करावी.

वकील वयस्कर होते, चांगले होते, पण घाईत असायचे. त्यांनी चेहऱ्याचे फोटो मागितले. मामा मला धारूरला स्टुडिओत घेऊन गेले आणि पैसे द्यायचे म्हणून तिथंच बाकड्यावर बसले. फोटोवाला म्हणाला, ताई, पदर मागं घ्या. मी जरासा घेतला. अजून म्हणाला. मी अजून एक बोट घेतला. शेवटी तो कंटाळला. फोटोत माझा डावा डोळा, नाक आणि भरपूर पदर आला. बिघडलेली बाजू सगळी आत. वकिलांनी पाकीट न उघडताच फायलीला लावलं.

मग मामांचं प्रतिज्ञापत्र. वकिलांनी नेहमीच्या पद्धतीनं टाइप केलं होतं की, मी माझ्या सुनेचा चेहरा शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर पाहिलेला आहे. मामांना वाचता येत नाही, सही येते. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे खोटं हाय. वकील म्हणाले, अहो, एवढं चालतं. मामा म्हणाले, “शपथेवर लिवायचं म्हनता, आन मी तर तिचं तोंड कदी बघितलंच न्हाई. सून हाय ती माजी.” वकिलांनी कपाळाला हात लावला. मामा ऐकेनात. शेवटी त्यांच्यासमोर खाडाखोड करून लिहिलं की, मी सुनेचा चेहरा कधी नीट पाहिलेला नाही.

मालकांनीही लिहून दिलं होतं, पण ऑपरेशनच्या वेळी ते ट्रक घेऊन गुजरातेत होते, म्हणून समोरच्यांनी ते उडवून लावलं. शेजारणी काही बोलायला तयार नव्हत्या. उद्या पोटात दुखलं तर त्याच दवाखान्यात जायचं आहे, असं एकीनं मला स्पष्टच सांगितलं. मला तिचा राग नाही आला. जवळ दुसरा दवाखाना तरी कुठं आहे?

सुनावणीला मी हजर होते. मामा माझ्या मागंच बसलेले. आयोगाच्या साहेबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, मी मान खाली घातली. झालं.

तक्रार फेटाळली. आदेश मराठीत होता, तो मी घरी वाचून दाखवला. चेहऱ्यात व्यंग असल्याचं छायाचित्रांवरून दिसत नाही, घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीनंच चेहरा पाहिला नसल्याचं शपथेवर सांगितलं आहे, आणि व्यंग असलंच तर ते आधीचं नव्हतं असं सिद्ध होत नाही. सरकारी मॅडमच्या कागदाचा त्यात कुठं उल्लेखही नव्हता. आता ते नळावरचं बोलणं राहिलं नव्हतं. त्याच्यावर शिक्का बसला होता.

मामा लिंबाकडं बघत बसले. म्हणाले, “माज्यामुळंच झालं हे.” मी आतून म्हणाले, माझ्यामुळं. तेवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

अपिलाला मुदत असते. संभाजीनगरला राज्य आयोगाचं खंडपीठ बसतं, तिथल्या एका वकीलबाईंचा पत्ता शाळेतल्या गुरुजींनी दिला. मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली, आमच्यासमोर, चहा थंड होईपर्यंत. पदरवाले फोटो पाहून त्यांनी ओठ दाबले. मामांचं प्रतिज्ञापत्र वाचून मात्र त्यांना हसू आवरलं नाही. मग एका पानावर थांबल्या आणि विचारलं, हा काळा डाग कसला?

तो माझ्या आधार कार्डाचा झेरॉक्स होता. झेरॉक्सचा झेरॉक्स. चेहऱ्याच्या जागी नुसती शाई. तक्रारीबरोबर ओळख म्हणून लावलेला, पहिल्या दिवसापासून फायलीत होता.

मॅडम म्हणाल्या, “मूळ कार्ड आहे का जवळ?”

मी पिशवीतून काढून दिलं. तो फोटो गाठ यायच्या कितीतरी आधीचा. गावात आधारचं शिबिर लागलं होतं तेव्हाचा. मशीनवाला म्हणाला होता, दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाहीतर मशीन घेत नाही. मामा तेव्हा बाहेर उन्हात रांगेत होते, म्हणून मी पदर पार मागं घेतला होता. आधारवरच्या फोटोला सगळे हसतात. माझाही काही देखणा नाही, चोर पकडून आणल्यासारखी दिसते. पण दोन्ही डोळे सारखे, ओठ सरळ रेषेत. मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, नवीन पुरावा द्यायचीसुद्धा गरज नाही, हा आधीपासून इथंच आहे.

सुनावणीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. घाटात मला नेहमी मळमळतं. मामांनी पुढच्या सीटवरून, मागं न बघता, आवळासुपारीची पुडी मागं केली. मी ती चघळत मनात एकच घोकत होते. पदर काढायचा, पदर काढायचा.

खोली मला वाटली होती तेवढी मोठी नव्हती. समोर अध्यक्ष साहेब, वय झालेले, आणि त्यांच्या शेजारी एक सदस्य बाई. सर्जन आला नव्हता, त्याचे वकील होते. बोलायला अगदी गोड. ते म्हणाले, अपीलकर्तीच्या सासऱ्यांनीच शपथेवर सांगितलंय की त्यांनी चेहरा पाहिलेला नाही, मग आधी तो कसा होता हे आम्ही तरी कसं मानायचं? मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, चेहरा आज इथं हजर आहे, आयोगानंच बघावा.

अध्यक्ष साहेब मला म्हणाले, “बाई, पदर जरा मागं घ्या.”

मी हात वर नेला. पदर धरला. आणि हात तिथंच राहिला. सकाळपासून घोकलेलं सगळं आठवत होतं, पण मागच्या रांगेत मामा बसलेत, टोपी गुडघ्यावर ठेवून, हेही आठवत होतं. बोटं सुटेनात. मॅडम हळूच म्हणाल्या, ताई, घ्या ना. मला वाटलं, गेलं. पुन्हा तेच लिहितील.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“साहेब, मी बोलू का?”

मॅडमनी त्यांना बसायची खूण केली. साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण?

“मीच तो, तोंड न बघितलेला.”

खोलीत हशा पिकला. मामा हसले नाहीत. म्हणाले, “मी हितं हाय तवर तिचा पदर सुटायचा न्हाई. मागल्या टायमाला बी मी मागंच बसलेलो. चूक माजी हाय, तिची न्हाई. मी भाईर जातो. तुमी नीट बघा.”

टोपी घालून ते बाहेर गेले. दार लागलं. आणि माझा हात आपला आपण खाली आला, पदरासकट.

सदस्य बाई उठून पुढं आल्या. त्यांनी डोळे मिटायला सांगितले. डावा मिटला. कपाळ वर करायला सांगितलं, गाल फुगवायला सांगितला. उजवीकडून फुस्स झालं. मग म्हणाल्या, हसा. सांगून हसायचं म्हणजे मला अवघड, पण मामांचं ‘मीच तो’ आठवलं आणि मी खरोखरच हसले. अर्धी हसले. बाईंनी आधार कार्ड माझ्या चेहऱ्याशेजारी धरलं, पाहिलं, आणि अध्यक्षांकडं दिलं. मग सरकारी मॅडमचा सहीचा कागद काढून दोघांनी पुन्हा वाचला.

साहेबांनी त्या गोड वकिलांना विचारलं, “हे जन्मापासूनचं आहे, हे तुमचं म्हणणं कायम आहे का?”

वकिलांनी कागद पुढं-मागं केले. म्हणाले, अशिलाच्या तशा सूचना आहेत.

तेवढ्यात दाराबाहेरून खाकरण्याचा आवाज आला. एकदा, आणि जरा थांबून दुसऱ्यांदा. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी पदर घेतला. म्हटलं, आता येऊ द्या त्यांना.

बाहेर टपरीवर मामांनी दोन चहा सांगितले. माझा माझ्या हातात दिला आणि स्वतः रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, मला गळतं तोंड पुसत सावकाश पिता यावं म्हणून. विचारलं फक्त एवढंच, “बघितलं का नीट?” मी हो म्हणाले. “मग झालं,” म्हणाले.

निकाल यायला दोन-तीन महिने गेले. त्या दिवसांत पोस्टमनच्या मोटारसायकलीचा आवाज मला चुलीपाशी सुद्धा ओळखू यायचा. शेवटी आला मॅडमचा फोन. अपील मान्य. आदेश इंग्रजीत होता, पण त्यातली आमच्या कामाची पानं मॅडमनी मराठीत उतरवून पाठवली. मी सांगितलं नव्हतं त्यांना. आपण होऊन केलं.

संध्याकाळी मामा खाकरून आले, ओसरीवर लिंबाकडं तोंड करून बसले, आणि मी उंबऱ्याच्या आतून वाचायला लागले. निष्काळजीपणा झाला, आधी तपासणी केली नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली, शीर कापल्यावर वेळेत दुसरीकडं पाठवलं नाही. भरपाईचा आकडा मी भरकन वाचून पुढं गेले. मग माझं तोंड आलं. आयोगानं स्वतः पाहिलं की उजवी भुवई उचलली जात नाही, उजवा डोळा पूर्ण मिटत नाही, हसताना तोंड डावीकडं ओढलं जातं, उजव्या कानाखाली बोटभर व्रण आहे.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मामा मान खाली घालून ऐकत आहेत. तेरा वर्षं एका घरात राहून सुनेचं तोंड कसं आहे, ते त्यांना आज कळत होतं, आणि तेही मीच सांगत होते. मी थांबले.

“आन आधीचं?” ते म्हणाले.

मी पान उलटलं. शस्त्रक्रियेपूर्वी अपीलकर्तीचा चेहरा सरळ व निर्दोष होता, हे आधार कार्डावरील छायाचित्रावरून स्पष्ट दिसते.

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं असतं, पण लेक मध्ये आली.

“हेच्या दोन झेराक्स काढ,” ते म्हणाले. “एक तुज्या आईला धाड.”

दुसरी त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. ती पिशवी ते कोणाला हात लावू देत नाहीत.

मॅडम म्हणतात, सर्जनला अजून दिल्लीच्या आयोगापर्यंत जाता येतं. त्यामुळं मोटारसायकलीचा आवाज मला अजून ओळखू येतो. डोळा मिटत नाही तो नाहीच मिटत. पण नळावर आता मी हंडा काठोकाठ भरून आणते.

आठ-दहा दिवसांनी आईचा फोन आला. पाकीट पोहोचलं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून माझ्या चुलतभावाकडून वाचून घेतलं, मग रेशनच्या दुकानात नेऊन दुकानदाराकडून, मग ज्यानं स्थळ आणलं होतं त्याच्या घरी जाऊन त्याच्याकडून. वाक्य प्रत्येक वेळी तेच निघालं का, ते तिला बघायचं असावं. ही धास्तीची सवय मला कुठून आली ते त्या दिवशी कळलं. मला वाटलं, आता ती रडेल. रडली नाही. बराच वेळ पलीकडून तिच्या कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

मग तिनं विचारलं, “तुझा सासरा जेवते ना बराबर?”

मी बाहेर पाहिलं. मामा अंगणात माझ्याकडं पाठ करून सीताफळं निवडत होते. डोळे उघडलेली एकीकडं, कच्ची दुसरीकडं.

जेवतात म्हणून सांगितलं.